रिपोर्ट नॉर्मल आला, तरी गोळी सोडू नका

“डॉक्टर, रिपोर्ट नॉर्मल आलाय. आता गोळी बंद केली तर चालेल ना?” सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगासाठी इमॅटिनिब घेणारे रुग्ण मला हे हमखास विचारतात. अंगात ताकद आलेली असते, पांढऱ्या पेशी आटोक्यात असतात. प्रश्न साहजिक आहे, पण स्वतःच्या मनाने एक दिवसही गोळी सोडू नका.

कारण अस्थिमज्जेत आहे. आपल्या शरीरात रोज सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी नव्याने तयार होतात. त्या सगळ्यांचा उगम मज्जेतल्या थोड्याशा मूलपेशींत असतो. या मूलपेशी एरवी विसावलेल्या असतात, गरजेपुरत्याच विभागतात, म्हणून जन्मभर पुरतात. थांबायचं की विभागायचं, हा निरोप पेशीच्या आत पोचवणाऱ्या एन्झाइम्सपैकी महत्त्वाची म्हणजे कायनेजेस.

सीएमएलमध्ये एखाद्या मूलपेशीत ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि बीसीआर-एबीएल हे बिघडलेलं कायनेज तयार होतं. बटण अडकलेल्या बेलसारखं ते वाढीचा निरोप देतच राहतं. इमॅटिनिब नेमकं तेच बंद पाडतं. २००१ मध्ये अमेरिकेत या औषधाला मंजुरी मिळाली आणि काही वर्षांत जीव घेणारा आजार रोजच्या गोळीवर आला. माझ्या मते कर्करोगाच्या उपचारांतला हा फार मोठा टप्पा आहे.

मात्र रोगट मूलपेशी जगण्यासाठी या कायनेजवर फारशा विसंबून नसतात. त्यांतल्या काही मज्जेत तग धरून राहतात. किमान दोन वर्षं तपासणीत रोगाची खूण न सापडलेल्या रुग्णांची गोळी थांबवून फ्रान्समध्ये अभ्यास झाला. त्यात निम्म्याहून अधिक जणांत रोग परतला, तोही बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांतच. म्हणजे काहींची गोळी थांबवता येते, पण ती रक्तविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि वारंवार पीसीआर ही रक्ततपासणी करूनच.

नुसत्या सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवर, समाधान मानू नका. सुरुवातीला दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलची पीसीआर तपासणी करा. गोळी जेवणासोबत, पेलाभर पाण्याबरोबर घ्या. ग्रेपफ्रूट टाळा. पापण्या सुजल्या, पायांत गोळे आले, मूल हवं असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. खर्च झेपत नसेल तर तेही संकोच न करता सांगा. आपल्याकडे जेनेरिक इमॅटिनिब मिळतं.