तोच खडक, तीच दोरी

कॅलिफोर्नियाच्या थंड किनाऱ्यालगत समुद्रात अरण्ये उभी आहेत. ती केल्पची आहेत. केल्प उंच वाढत असले तरी तो वृक्ष नव्हे. ते तपकिरी शैवाल होय. त्याला अन्न शोषणारी मुळे नसतात. बोटांसारख्या पकडीने ते खडकाला धरून राहते आणि अनुकूल काळी दिवसाला सुमारे अर्धा मीटर वाढते. तारामासे, शेवंडे, काटेरी अर्चिन, अ‍ॅबलोनी नावाची मोठी सागरी गोगलगाय असे कितीतरी अपृष्ठवंशीय जीव त्याच्या आश्रयाने राहतात.

तेथील चॅनल आयलंड्स राष्ट्रीय उद्यानाने १९८२ पासून या अरण्याच्या नोंदी ठेवल्या आहेत. पद्धत साधी आहे. ठरलेल्या जागी तळावर १०० मीटरची दोरी अंथरावयाची, तिच्यालगत चौकट ठेवून आतील जीव मोजावयाचे आणि शैवालाने किती खडक व्यापला ते टिपावयाचे. पाणबुडे बदलतात, जागा आणि रीत बदलत नाही.

एका वर्षाच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही. वादळात केल्प उखडते, एल निनोच्या उष्ण वर्षी विरळ होते आणि पुन्हा उगवते. या चढउतारांतून खरी हानी ओळखण्यास अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. अ‍ॅबलोनीची घट अशीच स्पष्ट झाली. बेसुमार उपसा व रोग यांमुळे ती घटत गेली आणि १९९७ साली दक्षिण कॅलिफोर्नियात ती पकडण्यास बंदी आली. नोंदी नसत्या, तर रिकामा खडक पाहून पुढच्या पिढीने तो पूर्वीपासून तसाच होता असे मानले असते.

अनाकापा बेटाजवळील एका भागात १९७८ पासून मासेमारीस बंदी आहे. शेवंडे अर्चिन खातात. अर्चिन केल्प कुरतडतात. बंदीच्या भागात शेवंडे अधिक, अर्चिन कमी आणि केल्प टिकून असल्याचे अभ्यासकांनी याच नोंदींच्या आधारे २००४ मध्ये दाखविले.

आपल्या उष्ण किनाऱ्यावर केल्पची अरण्ये नाहीत. परंतु विहिरीची पातळी, पहिल्या पावसाची तारीख, ओढ्यातील खेकडे यांची नोंद आपणांसही ठेवता येईल. एका तुकडीची वही पुढच्या तुकडीस उपयोगी पडावी यासाठी अट एकच : जागा तीच, दिवस तोच आणि मोजण्याची रीतही तीच असावी.