फासा कोण टाकतो?

‘गेमिंग कंपनीत आहे, पण काम साताऱ्यातल्या घरूनच करतो’ असं सांगितलं की समोरच्याला वाटतं, हा दिवसभर गेम खेळत असणार! प्रत्यक्षात माझ्या स्क्रीनवर असतात फक्त लॉगच्या ओळी. या कामाला बॅकएंड म्हणतात. ते काय असतं आणि दुरून कसं चालतं, ते थोडक्यात सांगतो.

ओळखीचं उदाहरण घेऊ. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये ‘लुडो किंग’ आणला आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो घरोघरी पोचला. आता कुठल्याही ऑनलाइन लुडोत फासा कोणी टाकायचा? मोबाईलने टाकला, तर एखादा पठ्ठ्या अ‍ॅपमध्ये फेरफार करून दर वेळी सहाच पाडेल. म्हणून फासा सर्व्हरने टाकायचा, मोबाईलने फक्त दाखवायचा. पहिला नियम हाच : खेळाडूच्या मोबाईलवर विश्वास ठेवायचा नाही.

दुसरी अडचण नेटवर्कची. समजा, खेळाडू एसटीत आहे. त्याने फासा दाबला, सर्व्हरवर सहा पडले, पण उत्तर परत येण्याआधी गाडी खंबाटकीच्या बोगद्यात शिरली आणि रेंज गेली. मोबाईल तीच विनंती पुन्हा पाठवतो. मग फासा पुन्हा टाकायचा का? अजिबात नाही. प्रत्येक विनंतीला वेगळा क्रमांक द्यायचा. तो क्रमांक आणि निकाल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये साठवायचा. तोच क्रमांक पुन्हा आला, तर जुनंच उत्तर द्यायचं. फाशाच्या जागी ‘खात्यातून शंभर रुपये कापा’ ही विनंती ठेवून बघा, म्हणजे डीबीएमएसचा तो कंटाळवाणा धडा कशासाठी असतो ते कळेल.

‘साताऱ्यात बसून गेम स्लो होत नाही का?’ असंही विचारतात. नाही. खेळाडूची विनंती सर्व्हरकडे जाते, माझ्या घरी नाही! अंतर मोजायचं ते खेळाडू आणि सर्व्हर यांच्यातलं. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-सिंगापूर साधारण ३,९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद गेलेच. अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत क्लाउड केंद्र सुरू केलं, त्याचा फायदा इथेच झाला.

दुरून काम करताना खरी कसोटी लिहिण्याची. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारता येत नाही. सर्व्हर रात्री दोनला बंद पडला तर आधी काय तपासायचं, कुठला बदल मागे घ्यायचा, हे आधीच लिहून ठेवावं लागतं. सीनियर म्हणजे भराभर कोड लिहिणारा नव्हे; काय बिघडू शकेल हे आधी ओळखणारा. इन्व्हर्टर आणि दोन इंटरनेट कनेक्शन हा त्याचाच भाग. म्हणून माझं मत, पहिली दोन-तीन वर्षं ऑफिसात अनुभवी माणसांजवळ बसून शिका. गाव कुठे पळून जात नाही.

एक इशारा मात्र. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आली. मुंबईच्या ड्रीम११ ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या, या क्षेत्रातल्या अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. पण दोनदा आलेली विनंती ओळखणं बँकेलाही लागतं आणि रेल्वेच्या तिकिटालाही. तेव्हा कंपनीच्या नावामागे न धावता हे मूळ पक्कं करा.

हॉस्टेलच्या दोन कॉम्प्युटरवर साधा लुडो लिहा, आणि खेळ रंगात आला की नेटवर्कची केबल खुशाल उपटा. फासा एकदाच पडला, तर समजा पहिला धडा जमला!