डोळे तपासताना चष्मा घालावा

डोळा हा आपल्या शरीराचा नाजूक अवयव आहे. शाळेत डॉक्टर डोळे तपासायला येतात तेव्हा अक्षरांचा तक्ता लावतात. असा तक्ता १८६२ साली हॉलंडमधील डॉ. स्नेलन यांनी तयार केला. मुलाला तक्त्यापासून ६ मीटर लांब उभे करतात. एका वेळी एकच डोळा तपासतात. दुसरा डोळा तळहाताने झाकावा, पण दाबू नये. डोळे बारीक केले की जरा जास्त दिसतं, पण मग खरी नजर कळतच नाही.

काही मुले त्या दिवशी चष्मा दप्तरात लपवतात. पोरं ढापण्या म्हणतात ना! पण असं करू नये. चष्मा पुसून, घालून उभे राहावे. जुना नंबर अजून बरोबर आहे का, ते त्यावरून कळते. मूल वाढते तसा नंबरही बदलू शकतो. डॉक्टर सांगतील तेव्हाच चष्मा काढावा. ओळी पाठ करून म्हणू नयेत. ही काही परीक्षा नाही, इथे कोणी नापास होत नाही. पण फळ्यावरचे दिसले नाही, तर अभ्यास मागे पडतो.

म्हणून मित्रांनो, चष्मा लपवू नका. आणि चष्मेवाल्याला चिडवू नका.

– इयत्ता ४ थी