उधारीचे मोल

वाचकहो, किराणा उधार आणण्याची चाल आपल्या गावांत इतकी अंगवळणी पडली आहे की, ही उधारीसुद्धा विकत घ्यावी लागते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. दुकानदार उधार देतो तेव्हा तो आपणांस माल देतो व त्याबरोबर मुदतही देतो. मालाची किंमत वहीत लिहिली जाते. मुदतीची किंमत लिहिली जात नाही, तथापि ती आपण देतोच. आणि ज्याची मिळकत थोडी त्यास ती अधिक द्यावी लागते. ही न लिहिलेली किंमत कोठे असते व तीतून सुटण्याचा मार्ग कोणता, ह्याचा विचार आपण ह्या पाठात करू.

पहिली गोष्ट भावाची. एका मजूर कुटुंबास महिन्यास ३,००० रुपयांचा किराणा लागतो असे समजा. रोखीने जो माल १०० रुपयांस मिळतो, तोच उधारीवर १०५ रुपयांस पडतो असे धरा. महिनाअखेर हिशेब ३,१५० रुपयांचा होतो. वरचे १५० रुपये क्षुल्लक वाटतात. परंतु महिन्यास शेकडा पाच म्हणजे वर्षास शेकडा साठ झाले. खरे पाहता दर ह्याहूनही जास्त आहे. एक तारखेस आणलेल्या तांदळाची उधारी तीस दिवस चालते, पण अठ्ठावीस तारखेस आणलेल्या तेलाची दोनच दिवस. अर्थात सरासरी मुदत पंधरा दिवसांची. म्हणजे व्याज शेकडा एकशेवीसच्या घरात गेले! घर बांधण्याकरिता बँकेचे कर्ज काढणाऱ्या नोकरदारास साधारणतः शेकडा दहाच्या आसपास व्याज पडते. मीठमिरचीकरिता मजूर त्याच्या बारा पट देतो, आणि आपण व्याज देत आहो हे त्यास ठाऊकही नसते.

दुसरी गोष्ट स्वातंत्र्याची. ज्याच्या दुकानी खाते, त्याच्याच दुकानी जाणे भाग पडते. तालुक्याच्या बाजारी डाळ स्वस्त असली तरी तिचा उपयोग नाही. तांदूळ किडका निघाला किंवा माप कमी भरले, तरी ऋणको मनुष्य तोंड उघडण्यास कचरतो. शेतकऱ्याची अडचण तर आणखी मोठी. जो व्यापारी मृगात बियाणे व खते उधार देतो, तोच पुष्कळदा पीक घेणाराही असतो. अशा वेळी पीक खळ्यावर येताच, भाव उतरलेला असताना, माल त्याच्याच काट्यावर घालावा लागतो.

तिसरी गोष्ट मनाच्या सवयीची. खिशातून नोट काढताना हात आखडतो. वहीत लिहविताना आखडत नाही. मुलाच्या हाती वही देऊन पाठविले म्हणजे साखरेबरोबर बिस्किटांचा पुडा येतो, तंबाखूची पुडीही येते, आणि महिनाअखेर हा आकडा कसा झाला ह्याचे घरातल्या कोणासही स्मरण नसते.

हप्त्याने वस्तू घेणाऱ्यांनीही सावध असावे. १२,००० रुपयांच्या वस्तूवर ‘शेकडा बाराच व्याज’ असे सांगून दरमहा १,१२० रुपयांचे बारा हप्ते बांधून देतात. परंतु मुद्दल दरमहा फिटत जाते आणि व्याज मात्र अखेरपर्यंत पुऱ्या १२,००० वर आकारलेले असते. सबब खरा दर सुमारे शेकडा साडेएकवीस होतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी व वित्त कंपन्यांनी वैयक्तिक कर्जदारास सर्व खर्चासह खरा वार्षिक दर दाखविणारे पत्रक, त्यास समजेल अशा भाषेत, दिले पाहिजे. ते मागून घ्यावे, वाचून घ्यावे, मगच सही करावी.

येथे दुकानदारास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यासही घाऊक व्यापाऱ्याचे देणे असते, आणि कित्येक गिऱ्हाइके त्याचे पैसे बुडवितात. मात्र बुडविणाऱ्याची तूट तो फेडणाऱ्याकडून भरून काढतो. म्हणून जो गरीब प्रामाणिकपणे देणे देतो, तोच ह्या व्यवहारात अधिक नाडला जातो.

तर उपाय कोणता? प्रथम, स्वतःची वही ठेवणे. सन १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला, व तो त्या काळच्या पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्यांनी विशेषेकरून कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या हिसकावून जाळल्या. कारण हिशेब एकाच पक्षाच्या हाती होता. पुढे सन १८७९ च्या कायद्याने कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला, आणि ऋणकोस पावती व हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. वही जाळून ऋण फिटत नाही. आपली वही आपण लिहिली तर ते आटोक्यात येते. घरातील शाळकरी मुलीस हे काम सहज करता येईल.

दुसरा उपाय, उधारीची साखळी एकदाच तोडणे. ध्यानात घ्या की, असे कुटुंब जन्मभर एकाच महिन्याने मागे असते. तो एक महिना भरून काढला की उधारी संपली. आता, एखाद्या बाईने आपल्या बचत गटातून ३,००० रुपये शेकडा दरमहा दोन ह्या दराने, फिटेल तसे कमी होणाऱ्या व्याजाने, दहा महिन्यांकरिता घेतले. दरमहा ३०० रुपये मुद्दल फेडल्यास दहा महिन्यांचे सारे व्याज ३३० रुपये होते. तितक्याच काळात उधारीपायी १,५०० रुपये गेले असते. पहिला हप्ता व्याजासह ३६० रुपयांचा. त्यांपैकी १५० रुपये रोखीच्या खरेदीत वाचतात, उरलेले २१० मात्र पोटास चिमटा घेऊन काढावे लागतात. हे कठीण खरे. पण दहा महिन्यांनी ते संपते, आणि उधारी कधीच संपत नाही. शिवाय ते ३३० रुपये गटाच्याच पेटीत राहतात.

हे गरिबांस साधते काय, अशी शंका कोणी घेईल. इंग्लंडातील रॉचडेल गावी २८ सभासदांनी, ज्यांत पुष्कळ विणकर होते, थोडे थोडे पैसे साठवून २८ पौंडांचे भांडवल उभे केले व २१ डिसेंबर १८४४ रोजी पीठ, लोणी, साखर व मेणबत्त्या ह्यांचे लहानसे दुकान उघडले. उधार द्यावयाचे नाही व घ्यावयाचे नाही, हा त्यांचा नियम होता. नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांस वाटीत. जगभरच्या सहकारी भांडारांनी पुढे त्यांचाच कित्ता गिरविला. आपल्या देशात सन १९९२ पासून नाबार्डच्या योजनेने बचत गट बँकांशी जोडले जाऊ लागले, आणि आज गट नाही असे गाव विरळा.

ज्या घरी आजारपण आले किंवा काम बंद पडले, त्यास उधारी करू नको म्हणणे निर्दयपणाचे होईल. त्यास शेजाऱ्यांनी व गटाने हात द्यावा. परंतु जेथे निकड नसून केवळ वहिवाट आहे, तेथे ती मोडण्याचा निश्चय ह्याच महिन्यात करावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या दुकानी पाच जिनसांचे रोखीचे व उधारीचे भाव किती आहेत? दोन्ही लिहून काढा.
२. आपले कुटुंब किती दिवसांनी मागे आहे?
३. गावातील बचत गट ह्या कामी कर्ज देईल काय? पुढील बैठकीत विचारा.