अपूर्णांकाचें संक्षिप्त रूप

पाऊण भाकरी म्हणजे किती, हें घरांतील लहान मूलहि जाणतें. परंतु त्याच मुलापुढें शाळेंत ३/४, १२/१६ व ७५/१०० हे अपूर्णांक मांडले, म्हणजे तीं तीन निराळीं परिमाणें आहेत असें त्यास वाटूं लागतें. वस्तुतः तीं एकाच परिमाणाचीं तीन रूपें होत. १९५७ सालापूर्वीं रुपयाचे सोळा आणे असत. तेव्हां बारा आणे म्हणजे पाऊण रुपया. आज रुपयाचे शंभर पैसे आहेत. त्यांतील पंचाहत्तर पैसे म्हणजेहि पाऊणच रुपया. तुकडे लहान झाले, संख्येनें वाढले; किंमत मात्र ढळली नाहीं. अंश व छेद या दोहोंस शून्याखेरीज कोणत्याहि एकाच संख्येनें गुणिलें वा भागिलें तरी अपूर्णांकाचें मूल्य तेंच राहतें, तें याच कारणानें.

येथें एका प्रमादाकडे आम्ही विद्यार्थ्यांचें लक्ष वेधूं इच्छितों. १६/६४ यांतील वरचा ६ व खालचा ६ खोडून कोणी १/४ असें लिहिलें, तर उत्तर बरोबर येतें! वही तपासणाराहि क्षणभर फसावा. पण हीच युक्ति १३/३९ यांत योजून पाहा. दोन्ही ३ खोडतां १/९ उरतात. खरें उत्तर १/३ आहे. अंक खोडणें म्हणजे भागणें नव्हे. १६/६४ चें १/४ झालें तें दोहोंस १६ नीं भाग गेल्यामुळें; त्या सहांचा यांत कांहींएक संबंध नाहीं. घरीं अभ्यास घेणाऱ्या पालकांनीं म्हणूनच उत्तर पाहून न थांबतां, "कशानें भागिलेंस?" असेंहि विचारावें.

आतां ९१/१४३ घेऊं. २, ३, ५ यांनीं भाग जात नाहीं असें दिसतांच पुष्कळ विद्यार्थी हात टेकतात. परंतु जी संख्या दोहोंस भागते ती त्यांच्या वजाबाकीसहि भागतेच. १४३ मधून ९१ गेले, ५२ उरले. ९१ मधून ५२ गेले, ३९ उरले. ५२ मधून ३९ गेले, १३ उरले. आणि १३ नीं ३९ ला निःशेष भाग जातो. म्हणून १३ हाच दोहोंचा सर्वांत मोठा साधारण भाजक, व उत्तर ७/११. ही रीत युक्लिडच्या ग्रंथाच्या सातव्या भागांत आहे. आमच्या भास्कराचार्यांनींहि ११५० सालच्या 'लीलावतीं'त, कुट्टकाच्या प्रकरणीं, परस्परांस भागीत जाण्याची हीच रीत दिली असून अशा भाजकास ते अपवर्तन म्हणतात.

२२१/२९९ याचें अतिसंक्षिप्त रूप वाचकांनीं याच रीतीनें काढून पाहावें.