यंत्रात साठविलेली मांडणी : सोय आणि सावधानता

नवेगाव बांध परिसरातील एखाद्या घरातून १०८ हा क्रमांक फिरविला जातो, तेव्हा रुग्णवाहिकेची व्यवस्था दूरच्या नियंत्रण कक्षातून होते. महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झालेल्या या सेवेचा मध्यवर्ती कक्ष पुण्यात स्थापन झाला. असे कक्ष अहोरात्र चालतात. पाळी बदलते, काम थांबत नाही. म्हणून आधुनिक नियंत्रण कक्षांत कोणत्या पडद्यावर नकाशा, कोठे आलेल्या दूरध्वनींची यादी, कोणत्या प्रसंगी घंटा, ही सर्व मांडणी नाव देऊन संगणकात साठविता येते. पाळीवर आलेला कर्मचारी ती एका कळीसरशी परत आणतो. मांडणी मध्यवर्ती संगणकावर असल्यास एक मेज बंद पडले तरी शेजारच्या मेजावरून काम पुढे चालते.

रुग्णशय्येजवळील मॉनिटरमध्येही हेच तत्त्व असते. त्यात प्रौढ, बालक व नवजात यांच्यासाठी निरनिराळ्या मांडण्या साठविलेल्या असतात. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ६० ते १०० असतात, तर नवजाताचे साधारणतः १२० ते १६०. इशाऱ्याची खालची मर्यादा ५० असलेली प्रौढाची मांडणी नवजातासाठी तशीच राहिली, तर बाळाचे ठोके ८० पर्यंत उतरूनही यंत्र गप्प राहील. यंत्रात बिघाड नसेल. त्याला दिलेली आज्ञा दुसऱ्या रुग्णाची असेल.

साठविलेली चूकही तितक्याच इमानाने परत येते. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील सीडार्स-सायनाय रुग्णालयात फेब्रुवारी २००८ मध्ये मेंदूच्या एका सीटी तपासणीची मांडणी बदलण्यात आली. पुढील सुमारे १८ महिन्यांत २०६ रुग्णांना अपेक्षेपेक्षा सुमारे आठपट किरणमात्रा मिळाली. ऑगस्ट २००९ मध्ये एका रुग्णाने केस गळाल्याचे सांगितले, तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. आरंभीची शिल्लक चुकली की खातेवहीचे प्रत्येक पान चुकते, तसेच हे आहे.

म्हणून आम्ही चार गोष्टी आवश्यक मानतो. मांडणीचे नाव निःसंदिग्ध असावे. बदलाचा अधिकार मोजक्यांनाच असावा. प्रत्येक बदल तारखेसह नोंदवहीत लिहावा. रुग्ण बदलताच परिचारिकेने पडद्यावरील मर्यादा स्वतः वाचाव्यात. देणगीतून यंत्र येते. ते वाचणारी नजर प्रशिक्षणातून घडते. देणगीदारांनी त्या खर्चाकडेही तितक्याच आस्थेने पाहावे, आणि रुग्णाच्या आप्तांनी "ही मर्यादा आमच्या बाळासाठीच लावली आहे ना?" असे निःसंकोच विचारावे, ही नम्र विनंती.