कन्सोलवरची मुंगीएवढी अक्षरं

प्रश्न : डेबियनच्या संगणकाला फोर-के मॉनिटर जोडला. कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून काळ्या कन्सोलवर गेलं की अक्षरं मुंगीएवढी दिसतात. चष्म्याचा नंबर वाढला असेल का?

उत्तर : चष्म्याला दोष देऊ नका. कन्सोलचा नेहमीचा फॉन्ट ८ बाय १६ पिक्सेलचा; तुमच्या पडद्यावर ३८४० बाय २१६० पिक्सेल. म्हणजे एका ओळीत ४८० अक्षरं, आणि अशा १३५ ओळी! वाचणार कोण? रूट होऊन 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर कन्सोल-सेटअप' चालवा. फॉन्ट टर्मिनस आणि माप १६ बाय ३२ निवडा. अक्षरं दुप्पट होतील आणि निवड जतनही होईल. रिझोल्यूशन कमी करण्याच्या फंदात पडू नका, अक्षरं पुसट होतात. 'सेटफॉन्ट'नेही काम होतं, पण ते संगणक बंद करेपर्यंतच. खिडकीतल्या टर्मिनलवर तर त्याचा काहीच परिणाम होत नाही. (बरेच जण तिथेच डोकं आपटत बसतात.)

पुन्हा सुरू केल्यावर अक्षरं परत बारीक झाली, तर ग्राफिक्स ड्रायव्हर उशिरा लोड होऊन फॉन्ट बदलतोय असं समजा. अशा वेळी कन्सोलवरच 'सेटअपकॉन' चालवून बघा.

देवनागरीची अपेक्षा मात्र इथे ठेवू नका. या कन्सोलच्या फॉन्टमध्ये फार तर ५१२ चिन्हं मावतात.